तोंडातला चिंचोका

व्यंकटी : न्हाई डॉक्टरीणबाई, पाण्यात दोष न्हाई. मी सोता बाटलीत भरून तपासायला धाडलं होतं. ह्यो बघा रिपोर्ट. ‘पिण्यास योग्य’ म्हणून शिक्क्यानिशी लिहून दिलंय.

डॉक्टर : हा पाण्याचा रिपोर्ट झाला. बाईंचा कुठे आहे?

व्यंकटी : तोबी हाय की. सालवार लावलेत. तांबडा दोरा त्र्याऐंशीचा, हिरवा चौऱ्याऐंशीचा, त्याच्याखाली पंच्याऐंशीचा. औंदाचे वर सुट्टे ठेवलेत.

डॉक्टर : वीस वर्षं नांदेडात दवाखाना चालवते आहे, एवढी नेटकी फाईल कुणी आणली नव्हती. काम काय करता?

व्यंकटी : लातूरला कलेक्टर कचेरीत लिपिक हाय. टंचाई शाखा. टँकरचं टेबल माझ्याकडं. नवा जिल्हा झाला तवा उस्मानाबादेहून फायली आल्या, त्याच ट्रकात आमीबी आलो. चार सालं होत आली.

डॉक्टर : बरं. बाई, तुम्ही सांगा. नाव काय, त्रास काय?

व्यंकटी : पंचफुला. वय सव्वीस. होळी झाली की...

डॉक्टर : मी त्यांना विचारलं.

पंचफुला : सांगू द्या त्यांला, बाई. त्यांला तोंडपाठ हाय. मला आता सांगायचाबी कंटाळा आलाय. किती जणाला सांगायचं, तेच ते.

व्यंकटी : होळी झाली की आठ-पंधरा दिसात सुरू होतंय. आधी डोकं धरतंय. मग पाठ, इथं, बरगडीखाली. मग लघवीला आग. मग हुडहुडी भरून ताप. उभी राहिली की डोळ्यापुढं अंधारी. मागल्या साली चुलीपुढंच पडली, हात भाजला. गोळ्या दिल्या की उतरतंय, गोळ्या संपल्या की पुन्हा हायच. मृग बरसून आठ दिस झाले की सगळं आपोआप गायब. दसरा, दिवाळी, संक्रांत, कायबी न्हाई. पायली-पायलीचं दळण डोक्यावर घेऊन येते. पुन्हा होळी आली की पुन्हा तेच.

डॉक्टर : आजवर काय सांगितलं सगळ्यांनी?

व्यंकटी : उन्हाळी लागली म्हणतेत. सबजा द्या, धने-जिरे भिजवून द्या, कलिंगड द्या. समदं दिलं. माझी माय म्हणली, बाहेरचं हाय, औशाला एक जण बघतोय. मी म्हणलं, आपल्या घरात ते चालणार न्हाई. आपण बौद्ध माणसं. कारणाबिगर काही होत नसतंय. कारण शोधायचं.

डॉक्टर : अगदी बरोबर. मग सापडलं कारण?

व्यंकटी : चार सालं शोधूनच राहिलो, बाई. आधी वाटलं ऊन. तर पत्र्यावर पाचट टाकलं. मग वाटलं ते गाजरगवत. तर घरामागलं समदं मी सोता उपटलं, तर माझेच हात खाजले, हिला फरक न्हाई. मग पाणी तपासलं. मग चिंच.

डॉक्टर : चिंच?

व्यंकटी : ही चोरून चिंचा खाते. उशाखाली चिंचोके, पदराच्या गाठीला चिंचोके. डब्यातली चिंच बंद केली, आमटीला लिंबू पिळतो, तरी चिंचोके हायतच.

पंचफुला : चिंचा खात न्हाई मी. किती डाव सांगितलं.

व्यंकटी : मग चिंचोके काय कोंबड्या घालतेत का?

पंचफुला : बघा बाई. ह्यांच्या कचेरीत ह्यांना समदं पटतंय, फक्त बायकोचं पटत न्हाई.

डॉक्टर : भांडण घरी. आणखी काही लक्षात आलंय तुमच्या?

व्यंकटी : एक नोंद हाय. ह्या वहीत. ताप चढतोय तो बेस्तरवारी न्हाईतर सुक्करवारी. आयतवारी उतार. सोमवारी तर गाणं म्हणत भाकरी थापते. पुन्हा बेस्तरवार आला की पडली. चारी सालं बघा, असंच हाय.

डॉक्टर : दाखवा इकडं. रविवारी तुम्ही घरी असता?

व्यंकटी : हाव. एकच तर सुट्टी.

डॉक्टर : हं. गावी गेल्या की?

व्यंकटी : तेच तर सांगून राहिलो. हिचं माहेर अहमदपूरच्या अलीकडं, फाट्यावरून आत. तिथं पाण्याचा ठणठणाट. दोन दिसाआड एक टँकर, तोबी मीच धाडतो. तिथं जाऊन ही ठणठणीत राहते. आन माझ्या घरी, दारात नळ, रांजण भरलेला, तिथं झुरून जाते. आता तुमीच सांगा, माणसानं काय समजायचं?

डॉक्टर : तुम्ही काय समजलात?

व्यंकटी : हिला मीच बाधतोय. घर बाधत न्हाई, ऊन बाधत न्हाई, मीच.

पंचफुला : काय बोलता हो.

व्यंकटी : बोलू दे. बेजार झालो मी. बाई, चौऱ्याऐंशीला हिला दिवस होते. वैशाखात असाच ताप आला. पाचव्या महिन्यात लेकरू गेलं. आता पुन्हा दिवस हायत. तिसरा सरला. आन परवापासून पुन्हा पाठ धरलीय. म्हणून रजा टाकून आलो. तुमच्याकडूनबी काही झालं न्हाई तर हिला माहेरी नेऊन घालणार. बाळंत होऊ दे, नंतरबी राहू दे. मी राहतो एकटा. लेकरू तर जगंल.

डॉक्टर : हे आधी सांगायचं. फायलीच्या वर हे हवं होतं. बाई, मघाशी आमच्या मावशींनी बाटली दिली होती तपासणीसाठी?

पंचफुला : दिली. पण झाली थोडीच.

डॉक्टर : मी बघितली. चमचाभर, आणि काळ्या चहासारखी. बरं, तोंड उघडा. जीभ काढा.

पंचफुला : थांबा जरा.

डॉक्टर : तोंडात काय आहे?

पंचफुला : काही न्हाई.

डॉक्टर : हातावर टाका माझ्या. टाका... चिंचोका.

व्यंकटी : बघा! मी काय म्हणलं!

डॉक्टर : ओरडू नका. हा बघा आधी. चिंच खाऊन उरलेला चिंचोका असा नसतो. हा चोखून चोखून गोटीसारखा गुळगुळीत झालाय. किती दिवसांचा आहे?

पंचफुला : पंधरा-वीस दिस झाले असतील.

व्यंकटी : एकच?

पंचफुला : एकच. धुऊन घेते की रोज.

डॉक्टर : आता जीभ... ओठ आतून दाखवा... हं. व्यंकटराव, तुम्ही एक काम करा. कोपऱ्यावरनं चार लिंबं घेऊन या. आणि आमच्या तपासनिसांनी बाटलीचं काही लिहून ठेवलं असेल, तोही कागद त्यांच्याकडून घेऊन या. घाई करू नका.

व्यंकटी : लिंबू कशाला?

डॉक्टर : मला हवीत म्हणून. जा.

पंचफुला : जावा की. बाई म्हणतेत तर.

डॉक्टर : गेले. आता आपण दोघीच आहोत. आल्या आल्या मावशींनी तुम्हाला पाणी दिलं, तो पेला अजून तसाच भरलेला आहे. का नाही प्यालात?

पंचफुला : तहान न्हाई.

डॉक्टर : सकाळी सहाच्या गाडीनं निघालात. आता साडेबारा. मे महिना. तुमची जीभ बघितली आहे मी, बाई.

पंचफुला : तुमच्या इथं संडास कुठं हाय?

डॉक्टर : मागे, उजव्या हाताला. का?

पंचफुला : मघाशी मावशीनं नेलं ते न्हाणीघर होतं. संडास दिसला न्हाई. उघडा असतोय का?

डॉक्टर : उघडा म्हणजे?

पंचफुला : कुलूप नसतंय?

डॉक्टर : दवाखान्याच्या संडासाला कोण कुलूप लावील?

पंचफुला : मग द्या ते पाणी.

डॉक्टर : हळू. हळू प्या, ठसका लागेल... आणखी?

पंचफुला : हाव.

डॉक्टर : आणखी एक?

पंचफुला : बस. लातूरपस्तोर गाडीत बसायचंय.

डॉक्टर : आता सांगा. कुलूप कुठे आहे?

पंचफुला : घरमालकिणीच्या वाड्यामागं. आमाला एक खोली आन पुढची पडवी भाड्यानं. बाजूला शिवमूर्ती मास्तर राहतेत. मागं अंगणात संडास एकच, आमा दोन्ही भाडेकऱ्यांचा. मालकिणीचा आत येगळा हाय. होळी झाली की नळ चार-पाच दिसाला येतोय. हौदातलं पाणी उतरतंय. मग लक्ष्मीबाई, आमची घरमालकीण, ती म्हणती, दिवसभर बादल्या ओतत बसलात तर पुरायचं कसं? सकाळी नऊला कुलूप, संध्याकाळी दिवेलागणीला उघडायचं. मृग बरसला, हौद भरला, की कुलूप निघालं.

डॉक्टर : आणि रविवारी?

पंचफुला : आयतवारी बाप्ये घरात असतेत. बाप्यांपुढं कसं लावील कुलूप?

डॉक्टर : म्हणजे नऊ ते सात तुम्ही...

पंचफुला : न्हाई जायचं. मग प्यायचंबी न्हाई. साधी गोष्ट हाय. प्याले तर जावं लागणार. गल्लीत दुतर्फा घरं, दुकानं. आडोसा न्हाई. माहेरी निदान माळ हाय, ज्वारीची धसकटं हायत, बांध हाय.

डॉक्टर : चार वर्षं?

पंचफुला : चार उन्हाळे. सवय होती. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्साची. तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो, मी आन माझी आजी भामाबाई. पाणी मैलभर लांब. आजीनं शिकवलं, चिंचोका तोंडात धर, गिळू नको, चावू नको, नुसता फिरवायचा. तोंडाला पाणी सुटतंय, तहान मरती. कामावर वाटायचे ती सुकडी मिळंस्तोवर दिवस निघायचा. तवा कधी काही झालं न्हाई, बाई. म्हणून मला वाटलं, आताबी होणार न्हाई.

डॉक्टर : तेव्हाही झालं असेल. तेव्हा बघायला कोण होतं? ऐका नीट. तहान मरत नाही. तोंड फसतं फक्त. खाली मूत्रपिंडं आहेत ना, बरगडीखाली, जिथं तुम्हाला दुखतं, ती फसत नाहीत. आठवडाभर पाणी नाही, दाबून ठेवलेलं. गुरुवारपर्यंत आत सगळं नासतं. रविवारी पोटभर पाणी जातं, जरा धुऊन निघतं, सोमवारी तुम्ही गाणं म्हणता. त्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. फक्त कुलूप लिहिलेलं नाही.

पंचफुला : मग... चौऱ्याऐंशीचं...

डॉक्टर : अशा तापात कळा सुरू होतात कधी कधी. खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. मी पण नाही सांगणार.

पंचफुला : म्हणजे म्याच...

डॉक्टर : नाही. ते मनातून काढून टाका. तुम्ही कुलूप लावलं नव्हतं. मास्तरांच्या बायकोचं काय? ती कशी राहते?

पंचफुला : तिच्याकडं किल्ली हाय.

डॉक्टर : काय?

पंचफुला : दोन किल्ल्या हायत. एक मालकिणीच्या कनवटीला, एक मास्तरणीकडं. पहिल्या साली म्या मागितली होती. मालकीण म्हणली, तिची लेकरं लहान हायत. तुमी दोघंच तर हाव. आन तुमच्याकडं तर सवय असती की, बाहेर जायची.

डॉक्टर : ‘तुमच्याकडं’ म्हणजे?

पंचफुला : तुमाला कळलंय, बाई. मलाबी कळलं. तिनं पुढं काही म्हणलं न्हाई, म्याबी विचारलं न्हाई. तशी वाईट न्हाई ती. माझा हात भाजला तवा तिनंच लोणी लावलं. पण किल्ल्या दोनच हायत.

डॉक्टर : आणि नवऱ्याला सांगितलं नाहीत?

पंचफुला : न्हाई.

डॉक्टर : चार वर्षं तो माणूस गवत उपटत बसला, पाणी तपासत बसला. आणि तुम्ही बघत होतात?

पंचफुला : बघत व्हते. रोज वाटायचं, आज सांगावं. मग ते कचेरीतून यायचे, तोंड धुळीनं भरलेलं, अन् म्हणायचे, आज अमक्या गावची बाई हंडा घेऊन साहेबाच्या टेबलावर येऊन बसली. जेवतानाबी पाण्याचंच. म्हणलं, त्यात अजून माझं कुठं घालू? अन् दुसरंबी हाय. ते त्यांचं त्यांलाच सांगीन म्या. तुमी सांगू नका.

डॉक्टर : मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. पण आज. लातूरचा बोर्ड दिसायच्या आत. नाहीतर मी त्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर कार्ड टाकीन. तुमचे यजमान कागद आला की फायलीला लावतात, मला माहीत आहे.

पंचफुला : लई हट्टी हाव तुमी.

डॉक्टर : वीस वर्षं बायकाच बघते आहे. या, व्यंकटराव. आणलीत?

व्यंकटी : चार लिंबं. आन ह्यो कागद. काय निघालं?

डॉक्टर : मूत्रपिंडाला सूज आहे. लघवीत पस आहे. गोळ्या देते, पोटातल्या बाळाला चालतील अशा. दहा दिवस, एकही चुकवायची नाही. त्यानंतर पुन्हा आणायचं. आणि दिवसाला बारा पेले पाणी. लिंबू त्यातच पिळा, मीठ-साखर घालून.

व्यंकटी : पण कारण काय, बाई? कारण सांगा.

डॉक्टर : तुमचं पाणी चांगलं आहे. रिपोर्ट खरा आहे. पण तुमची बायको ते पीतच नाही.

व्यंकटी : पीत न्हाई? रांजण भरलेला असतोय!

डॉक्टर : गावाला टँकर पाठवता तेव्हा माणशी किती धरता?

व्यंकटी : माणशी वीस लिटर. तसा नियमच हाय.

डॉक्टर : आणि तुमच्या घरात?

व्यंकटी : घरात... घरात कोण मोजतंय, बाई?

डॉक्टर : तेच. का पीत नाही ते मी सांगणार नाही, त्या सांगतील. आणि एवढं ध्यानात ठेवा, तुम्ही त्यांना बाधत नाही. पण वर्षातले चार महिने तुम्ही नऊला घराबाहेर पडता त्यानंतर तिथं काय होतं, हे तुमच्या फायलीत कुठेच नाही. चला, मलाही जेवायचंय. दोन वाजता पुन्हा रांग लागेल.

(नांदेडचं बस स्टँड. दुपार. दोघं सिमेंटच्या बाकावर, मधे फायलीची पिशवी आणि भरलेली तांब्याची कळशी.)

व्यंकटी : ...आन आयतवारी उघडं ठेवायची?

पंचफुला : हाव. तुमी घरी असता म्हणून.

व्यंकटी : म्हणजे मी जाऊन यायचो, मला कधी कुलूप दिसलंच न्हाई.

पंचफुला : कसं दिसंल? तुमी सकाळी आठला जाऊन येता, नऊला कचेरीला निघता. तिथं तुमचा हायच. संध्याकाळी याल तवर उघडलेलं.

व्यंकटी : आन मास्तरणीकडं किल्ली.

पंचफुला : हळू बोला. लोक बघतेत.

व्यंकटी : मला सांगितलं काहून न्हाई, फुले? एकडाव. चार सालात एकडाव?

पंचफुला : तुमाला याद हाय का, खोली शोधत फिरलो ते? नऊ घरं. बस स्टँडजवळची दोन, गंजगोलाईमागची चार...

व्यंकटी : हाव. आडनाव सांगितलं की खोली भरलेली निघायची.

पंचफुला : आन दहावी लक्ष्मीबाई. तुमी उंबऱ्यातच आडनाव सांगितलं, आधीच, म्हणजे नंतर वाद नको. तिनं खोलीची किल्ली काढून तुमच्या हातावर ठेवली. तवा तुमचं तोंड बघितलं होतं म्या. लगीन झाल्यापासून तसं तोंड बघितलं नव्हतं. तवापासून तुमी गावोगाव सांगत फिरता. कचेरीत, माझ्या माहेरी, तुमच्या भावाच्या लग्नात. लातुरात एक घर असं हाय म्हणून. दर दसऱ्याला तिला सोनं देऊन पाया पडता. तुमच्याजवळ सांगायला तेवढं एकच घर होतं. ते मी कसं मोडू?

व्यंकटी : चिंचेवरनं मी तुला किती बोललो. पदराची गाठ सोडून बघायचो. चोर धरल्यासारखं.

पंचफुला : ते जाऊ द्या. त्याचं मला हसूच यायचं.

व्यंकटी : मला न्हाई येत. मी दीडशे गावांचं पाणी लिहितो. कोणत्या विहिरीला किती परस खोल तळ लागला ते मला पाठ हाय. साहेब रातीबेराती विचारतेत, मी झोपेत सांगतो. आन माझ्या घरात माझी बायको चिंचोका चोखून दिवस काढती. चौऱ्याऐंशीचं लेकरू, फुले... ते मी कुठं लिहू?

पंचफुला : डॉक्टरीणबाई म्हणल्या, खात्रीनं कुणी सांगू शकत न्हाई.

व्यंकटी : तू विचारलंस म्हणजे.

पंचफुला : इचारलं.

व्यंकटी : मग तुला काय वाटतंय?

पंचफुला : मला आता काही वाटून घ्यायचं बळ न्हाई हो. जे गेलं ते गेलं, ह्ये राहू द्या, एवढंच वाटतंय. थकले मी. लपवून लपवूनच जास्त थकले.

व्यंकटी : आज गेल्या गेल्या मी लक्ष्मीबाईकडं जातो. भांडणार न्हाई. उंबऱ्यात उभा राहून किल्ली मागतो. भाडं येळेवर देतो, हौदात माझ्याबी चार कळश्या पडतेत. मला किल्ली द्या म्हणतो.

पंचफुला : नका मागू.

व्यंकटी : का? हक्क हाय आपला.

पंचफुला : हक्क हाय. आन ती देईलबी कदाचित, तुमी मागितली तर. पण रोज ती किल्ली हातात घेतली की मला ते बोलणं ऐकू यील. तुमच्याकडं सवय असती म्हणलेलं. पाणी पुन्हा घशाखाली उतरायचं न्हाई. मला न्हाई राहायचं तिथं.

व्यंकटी : मग कुठं जायचं? दहा घरांत एक मिळालं होतं.

पंचफुला : तुमचे दोस्त नरसिंगभावजी खोली देतो म्हणले होते की.

व्यंकटी : आपल्या वस्तीत?

पंचफुला : वस्तीत.

व्यंकटी : तिथं नळ न्हाई फुले. टँकर येतोय, तोबी नगरपालिकेच्या मर्जीवर.

पंचफुला : टँकरचं टेबल तर तुमच्याकडंच हाय.

व्यंकटी : शहराचं न्हाई. शहराचं येगळं. माझ्याकडं खेडी.

पंचफुला : म्हणजे घरच्यांना काही मिळायचं न्हाई, असं नशीबच हाय माझं.

व्यंकटी : हसतीस काय. मी नरसिंगला न्हाई म्हणलो तवा तू होतीस. काय म्हणलो होतो मी? माझं लेकरू गावात वाढंल, चार चांगल्या घरात वाढंल, वस्तीतून निघायला मी शिकलो, पुन्हा तिथं जायला न्हाई. भरल्या घरात बोललो. त्याचं तोंड पडलं होतं. आता कोणत्या तोंडानं जाऊ?

पंचफुला : ह्याच. दुसरं कुठं हाय तुमच्याकडं? आवो, तिथं बायांनी मिळून आडोसा केलाय. पत्रे लावून, मागं खड्डा खणून. सरजाबाई सांगत होती मला, नरसिंगभावजींची आई. दार हाय, कडी आतून हाय. बाहेरून न्हाई.

व्यंकटी : तू बघून आलीस?

पंचफुला : संक्रांतीला हळदीकुंकवाला मास्तरणीनं बोलावलं न्हाई, तवा गेले होते मी वस्तीत. दुपारभर बसले. दोन तांबे पाणी प्याले. लई गोड लागलं.

व्यंकटी : ...नरसिंगला आजच विचारतो. त्यानं शिव्या घातल्या तर खातो. त्याचा हक्क हाय.

पंचफुला : शिव्या घालतील, मग सामान उचलायला सोता येतील. वळखते मी त्यांला.

व्यंकटी : आन लक्ष्मीबाईला काय सांगायचं?

पंचफुला : सांगा, घर लई चांगलं होतं. पाणी सोसंना.

व्यंकटी : न्हाई. खरं सांगणार मी. एकडाव तरी सांगणार. लोणी लावलं त्याचे उपकार मानून सांगणार.

पंचफुला : सांगा मग. तुमाला हलकं वाटत असंल तर सांगा. ती बघा, गाडी लागली. लातूर हाय न्हवं पाटीवर? उठा, जागा मिळायची न्हाई.

व्यंकटी : बस खाली.

पंचफुला : आवो, गर्दी बघा. ही गेली की पुढली चारला हाय.

व्यंकटी : चारच्यानं जाऊ. तू आधी पाणी पी. डॉक्टरीणबाईनं बारा पेले सांगितलेत, तिथले दोन, म्हणजे दहा राहिले. ती कळशी मघाच भरून आणलीय मी.

पंचफुला : अन् मग? चार तास गाडीत बसायचंय.

व्यंकटी : मग जाऊन यायचं. मघाशी बघून आलोय मी, बायांचा त्या टोकाला हाय. कुलूप न्हाई. तिथल्या बाईला सांगून आलो, माझी बायको यील म्हणून. अहमदपूरला गाडी थांबती, तिथंबी उतरू. तिथला मी उतरून आधी बघीन. ड्रायव्हर बोंबलला तर बोंबलू दे.

पंचफुला : गाडी चालली बघा.

व्यंकटी : जाऊ दे. लातूर कुठं पळून जात न्हाई. घे.

पंचफुला : थांबा जरा.

व्यंकटी : आता काय?

पंचफुला : हात करा पुढं. दवाखान्यातून निघताना बाईंच्या टेबलावरनं उचलून सवयीनं पुन्हा घातला होता तोंडात. ह्यो धरा.